जेंते म्हणजे कोण

उंबरपाडी, ता. रोहा
१९ जून १९९७

प्रिय अब्बास,

सप्रेम नमस्कार. तुझं मे महिन्याचं पत्र पोचलं. जेनोवाच्या गोदीत जहाजांना रंग लावायचं काम कायम झालं हे वाचून सरूने देवापुढे साखर ठेवली. पन्नाशीला टेकल्यावर परक्या मुलखात नवी नोकरी धरणं सोपं नाही. कुवेतची लढाई झाली नसती तर तुझी बारा वर्षांची बसलेली घडी मोडली नसती. संध्याकाळी शाळेत जाऊन तिथली भाषा शिकतोस हे वाचून मात्र हसू आलं. सातवीनंतर आपण दोघांनी पाटी ठेवली ती ठेवलीच होती.

आमच्या शांतीचं लग्न ठरलं, येत्या माघात आहे. मुलगा पेणचा, नाव गोविंदा. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. त्याचे वडील दाजी मोजकं बोलणारे आहेत, मला ते आवडले.

दुसरी बातमी चांगली नाही. सगुणाकाकीला गावकीने वाळीत टाकलं. देवळाच्या सभामंडपासाठी तिच्या परसातली चार हात पट्टी हवी होती. ती नाही म्हणाली. तरी खुंट्या ठोकल्या, तेव्हा ती रोह्याला कोर्टात गेली आणि मनाईहुकूम घेऊन आली. गावाला कोर्टात ओढलं म्हणून गावकी बसली. आता तिच्याशी कोणी बोलायचं नाही, दुकानातून मीठ द्यायचं नाही, गिरणीत तिचं दळण घ्यायचं नाही. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू, ती सावडसुद्धा तिला बंद. घरात ती एकटी. तिची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे. सकाळी ती अंगण झाडते तो आवाज येतो आणि आम्ही घरात उगाच हळू बोलतो.

तुझा
दिनानाथ


जेनोवा
८ जुलै १९९७

दोस्त दिनानाथ,

सलाम. काकीचं वाचून जेवण गेलं नाही. आमची अम्मी खतीजा आणि ती, दोघी एकाच वाफ्यातून वालाची रोपं न्यायच्या. पण तू गावकीत बसतोस, म्हणून थोडा धीर आहे. तू बोलला असशीलच. शाळेतला पाण्याचा डेरा फुटला तेव्हा सगळी पोरं खाली मान घालून होती, तू एकटा उठून म्हणालास, गुरुजी, अब्बासने नाय फोडला. मी ते कुवेतमध्येही लोकांना सांगायचो.

शांतीला माझ्याकडून दुवा सांग.

आमच्या शाळेत बाई आहेत, सत्तरीच्या. चर्चच्या मागच्या खोलीत फुकट शिकवतात. परवा त्यांनी शब्द दिला, जेंते. म्हणजे लोक. मी फळ्यावर लिहिलं, लोक म्हणतात. बाईंनी क्रियापदावर लाल खडूची रेघ मारली. म्हणाल्या, जेंते बाईमाणूस आहे आणि एकटी आहे. जेंते म्हणतात नाही, जेंते म्हणते. जेंते येते, जेंते हसते, जेंते निघून जाते. हजार माणसं असली तरी ती एकच बाई. मी म्हटलं, आमच्याकडे लोक म्हणजे पुष्कळ. मग चढ चढून खोलीवर येताना आठवलं, आपल्याकडेही आहे की. गावकी बसली, गावकी उठली, गावकीने ठरवलं. ती पण बाईच, आणि एकटीच.

अजून एक. जेंते मोजता येत नाही. तीन जेंते म्हटलं तर इथली लहान पोरंही हसतात. मोजायचं झालं तर शब्द बदलावा लागतो, पेर्सोना म्हणावं लागतं. एक पेर्सोना, तीन पेर्सोने. हा शब्दही स्त्रीलिंगी. माणूस मिशीवाला असो नाहीतर दाढीवाला, पेर्सोना म्हटला की चांगला नाही, चांगली. आमच्या वर्गात सेनेगलचा एक उंच गडी आहे, तो हे ऐकून दप्तर उचलून निघालाच होता. बाईंनी त्याला हाताला धरून बसवला.

काकीला माझा सलाम पोचव.

अब्बास


उंबरपाडी
२७ जुलै १९९७

प्रिय अब्बास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ती जेंते डोक्यातून जात नाही. काल देवळात दिवा लावताना मनात आलं, तुमच्या बाई बरोबर सांगतात. एकटी बाई घरात शिरली तर तिला विचारता तरी येतं, कोण गं तू, कुणाकडची. ही कुणाकडचीच नाही.

तू लिहिलंस की मी बोललो असेन. गावकीत प्रत्येकाला बोलायला जमतं असं नाही. आमची रीत तुला पुरती माहीत नाही, तुमचा मोहल्ला वेगळा. अध्यक्ष काळुराम तीनदा विचारतो, कुणाला काय बोलायचंय काय. कोणी बोललं नाही की देवापुढे नारळ फुटतो. ज्याने खोबऱ्याचा तुकडा तोंडात घातला त्याने कबूल केलं. मग वहीत ठराव लिहितात. वहीत नावं नसतात, बोलणाऱ्याचंही नाही आणि ऐकणाऱ्याचंही नाही. खाली नुसतं 'गावकी' असतं. आजोबांच्या काळापासून असंच आहे.

काकीने आता रोह्याला तहसीलदारांकडे अर्ज केलाय. त्यांनी वही मागवली आहे. तारीख दिवाळीनंतरची.

लावणी झाली. काकीने एकटीने लावली. वरचे दोन तुकडे तसेच राहिले. सलाम अजून पोचवला नाही. पाऊस फार आहे.

दिनानाथ


जेनोवा
१५ ऑगस्ट १९९७

दिनानाथ,

सलाम. तुझी भिंत तिच्या भिंतीला लागून आहे. सलाम पोचवायला पाऊस आडवा येतो होय?

घरून जमिलाचं पत्र आलं. काकीचं दळण ती आमच्या पिठात मिसळून कोलाडच्या गिरणीतून आणायची. गावकीची बंदी मोहल्ल्याला लागू नाही, म्हणून. मला तिने आधी सांगितलंही नव्हतं. आता लिहिते की आषाढात एक दिवस गावकीचा माणूस घरी येऊन सांगून गेला, तुम्ही यात पडू नका, पडलात तर वाट आणि विहीर दोन्हीचा विचार करावा लागेल. तेव्हापासून तिने दळण आणणं सोडलं. घरात ती आणि पोरं, आमचा अस्लम जेमतेम चौदाचा. तिचा दोष नाही. मी विचारलं, कोण माणूस. तिने लिहिलं, जाऊ दे, गावकीचा माणूस. जमिला कधी कुणाचं नाव लपवत नाही. तुला माहीत असेल. कोण होता?

माझ्याकडेही असंच झालं. घरमालकीण म्हणाली, तुझ्या सुकटीच्या वासाची जेंते तक्रार करते, महिनाअखेर खोली सोड. मी चार मजले चढतो, तिथे आठ दारं आहेत. संध्याकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून एकेक दार वाजवलं. माझी भाषा मोडकी, तरी विचारलं, तुम्ही तक्रार केली का? पहिली म्हणाली नाही. दुसरा म्हणाला नाही. तिसऱ्या दारातला म्हातारा म्हणाला, पोरा, मला दहा वर्षं वासच येत नाही, असेल तर थोडा मला दे. आठही दारं झाली. कोणीच नाही. मग मालकिणीला जाऊन सांगितलं, सिन्योरा, तुमच्या जेंतेत तुम्ही एकट्याच आहात. ती लाल झाली. खोली राहिली, पण आता जिन्यात भेटली तर तोंड फिरवते.

लवकर लिही.

अब्बास


उंबरपाडी
३ सप्टेंबर १९९७

प्रिय अब्बास,

तो माणूस मी होतो.

काळुराम म्हणाला, अब्बास तुझा दोस्त, तू गेलास तर वाईट दिसनार नाय. मी गेलो. जमिलावहिनींनी पाणी दिलं, ते प्यायलो, आणि वाटेचं आणि विहिरीचं बोललो. त्या म्हणाल्या, भावजी, हे तुमी बोलताव? मी म्हटलं, मी नाय, गावकी. असं म्हटलं की जीभ अडखळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आणखी आहे. वहीतला ठराव माझ्या हातचा आहे. माझं अक्षर चांगलं म्हणून नऊ वर्षं वही मीच लिहितो. काळुरामने तीनदा विचारलं तेव्हा मी शाई हलवून बघत होतो. नंतर खोबरंही खाल्लं. तू डेऱ्याची गोष्ट लिहिलीस ते पत्र मी सरूला वाचून दाखवलं नाही.

शांतीचं लग्न आहे. मांडव गावकी घालते, भांडी गावकीची, वऱ्हाडाचं पाणी भरायला गावची माणसं. दाजींच्या गावची आणि आमची गावकी एकाच समाजाची आहे. मी तोंड उघडलं तर काय होईल हे मला बैठकीतच दिसत होतं. हे कारण आहे, माफी मागायला ते पुरणार नाही.

दिनानाथ


उंबरपाडी
८ ऑक्टोबर १९९७

प्रिय अब्बास,

महिना झाला, तुझं उत्तर नाही. तरी लिहितो. तुला नाही सांगितलं तर कुणाला सांगू.

घटस्थापनेच्या दिवशी दिवा लावायला गेलो. देवळाच्या पायरीशी माझ्याच चपला होत्या, दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या. वाटलं, इथे कोणी गावकी म्हणून येत नाही. आत जाताना प्रत्येकाने आपल्याच चपला काढाव्या लागतात. वही देवळातल्या पेटीत असते. ती काखेत घेतली आणि तू केलंस तसं केलं. काळुरामचं सोडून सदतीस घरं. तीन दिवस लागले. प्रत्येक दारात एकच विचारलं, सगुणाकाकीच्या ठरावाखाली तुझं नाव लिहू काय?

पहिल्या घरी उत्तर आलं, "माजं कशाला? गावकी लिवलंय ना." दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरात म्हातारा सखा बसला होता. तो म्हणाला, "दिनू, मी खोबरं खाल्लंच नाय. तोंडाजवळ न्हेलं आणि खिशात टाकलं. कोंबड्यांनी खाल्लं ते. कोंबड्यांची नावं लिव." हसावं की काय ते कळेना. सखाची सून चुलीपाशी होती, ती म्हणाली, "मामंजी, भाऊंना इचारा, तवा अक्षर कुनाचं व्हतं? आज घरोघर हिंडतात, तवा घरातच बसायचं होतं." मी वही मिटून पुढे गेलो. तिचं खोटं नव्हतं.

सदतीस घरांत एकानेही नाव लिहू दिलं नाही. पण एकही जण असं म्हणाला नाही की ठराव खोडून टाक. काकीशी उद्या बोलतो, असंही कोणी म्हणालं नाही. तुझ्या जिन्यात आठ माणसांनी नाही म्हटल्यावर खोली राहिली. इथे सदतीस जणांनी नाही म्हटलं आणि काकीला मीठ अजून मिळत नाही.

काळुरामला कळलंच. तो विहिरीवर भेटला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "दिनानाथ, तारखेला वही घिऊन तूच जानार. सायब इचारतील ठराव कुनाचा, तर काय सांगशील?"

मी म्हटलं, "बघतो."

"बघू नको. गावकीचा म्हन. वहीत तसंच हाय, तुज्याच हातचं हाय." मग बादली उचलता उचलता म्हणाला, "शांतीच्या मांडवाला बांबू मी सोता तोडून ठेवलेत."

तारीख ३ नोव्हेंबर आहे. सरूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुमी काय कराल ते करा, पन पोरीला आदी सांगा, तिला मागनं कळू देऊ नका. अजून सांगितलेलं नाही. ती साडीच्या पदराला काठ लावत बसलेली असते.

दिनानाथ


जेनोवा
२४ ऑक्टोबर १९९७

दिनानाथ,

उत्तर दिलं नाही कारण जे लिहिलं ते फाडलं. तीन वेळा.

जमिलाला विचारलं, नाव का लपवलंस. तिने लिहिलं, तुमचा एवढा एक दोस्त, तो पण कशाला तोडू म्हटलं.

मी तुला सल्ला देणार नाही. इथून धीट होणं सोपं आहे. माझी खोली गेली असती तर दुसरी मिळाली असती, आणि मला लग्नाची पोरगी नाही. तुला बोल म्हणायचा हक्क मला नाही, आणि गप्प राहा म्हणायची इच्छा नाही. एवढंच लिहून पाकीट बंद करतो, नाहीतर हेही फाडेन.

अब्बास


उंबरपाडी
२६ नोव्हेंबर १९९७

प्रिय अब्बास,

तुझं पत्र तारखेनंतर दोन दिवसांनी पोचलं. बरं झालं. आधी आलं असतं तर मी त्यात आधार शोधला असता.

आदल्या दिवशी शांतीला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाबा, तुमी तवाच बोलला असताव तर?" मी म्हटलं, तवा सोपं झालं असतं. ती म्हणाली, "मग तुमचं राह्यलेलं आता माज्या लग्नातून भरताव." तिने 'जाऊ नका' असं मात्र म्हटलं नाही.

रोह्याला काळुराम आणि चौघे जण आधीच येऊन बसले होते. माझा धाकटा भाऊ मोरू त्यांच्याबरोबर होता. त्याची धाटावला कंपनीत दुपारची शिफ्ट, ती बुडवून आला होता. काकी दुसऱ्या टोकाला एकटी, मांडीवर पिशवी घेऊन. तहसीलदार तरुण आहेत. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "गावकी, गावकी, गावकी. गावकी म्हणजे कोण? मला गावकीवर नोटीस काढता येत नाही. गावकीचा पत्ता काय लिहू? माणूस सांगा."

काळुराम माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "साहेब, लिहिणारा मी. दिनानाथ. बैठकीत होतो, खोबरं खाल्लं. अब्बासच्या घरी जाऊन दम देणाराही मीच." कारकुनाने लिहिलं. मग साहेब म्हणाले, पुढे. मी काळुरामचं नाव सांगितलं. मीठ आणि गिरणी बंद करा असं बोललेल्या दोघांची नावं सांगितली. ते दोघे तिथेच बसलेले होते, अब्बास, आणि मी त्यांच्याकडे न बघता सांगितली. साहेबांनी विचारलं, "आणखी कोणी?" मी म्हटलं, "आठवत नाही."

ते खोटं होतं. हे तुला लिहितोय, अजून कुणाला बोललो नाही. सावड बंद करा, ती एकटी शेत कशी लावते बघूच, हे मोरू बोलला होता. सगळ्यांत आधी तोच बोलला, आणि त्याच्यामुळे बाकीच्यांना धीर आला. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, त्याला मी वाढवला आहे. नाव ओठापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

पुढली तारीख १२ डिसेंबर. ज्यांची नावं आली त्यांना नोटिसा निघतील.

त्याच संध्याकाळी गावकी बसली. ठराव कुणी लिहिला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून दुकानदार आमच्याकडे बघत नाही. चार दिवसांनी दाजी पेणहून आले. वडखळपर्यंत मुलगाही आला होता, तिथेच उतरून राहिला, म्हणाले. दाजींनी पाणी घेतलं नाही. "आमच्याकडची मंडळी नको म्हनतात," म्हणाले. शांती दारात उभी होती. तिने विचारलं, "कोन मंडळी? नावं सांगा ना." दाजी पिशवी घेऊन उठले. साखरपुड्याची साडी तिने घडी करून त्या पिशवीत ठेवली, मग ते चप्पल घालून गेले. ते वाईट नाहीत. त्या दिवसापासून शांती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

कापणीला आमच्याकडे कोणी आलं नाही. सरू, शांती आणि मी तिघांनीच सुरुवात केली. मोरू बांधावरून सायकल हातात धरून गेला, थांबला नाही. काकी त्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. खरं सांगतो, मी वाट बघत होतो. मला वाटत होतं की आता ती माझ्याशी बोलेल. तिचं ऋण फेडलं, अशी माझी समजूत झाली होती.

तिसऱ्या दिवशी ती विळा घेऊन आली. आमच्याजवळ आली नाही. शेताच्या पलीकडच्या टोकाला बसली आणि कापायला लागली. सरूने भाकरी नेऊन दिली ती घेतली, सरूशी दोन शब्द बोलली, शांतीच्या डोक्यावरून हात फिरवला. मी गेलो तेव्हा मान वर केली नाही. ती तिकडून, आम्ही इकडून. दुपार कलली तेव्हा मधे दोन हात भात उभं राहिलं होतं. तेही तिने कापलं, पेंढी बांधली, विळा कमरेला खोचला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

म्हणाली, "सायबाकडं मी पन व्हते, दिनानाथ. एक नाव राह्यलं."

मी म्हटलं, "काकी, तो माझा भाऊ हाय."

"मला कुठं म्हाईत नाय?" ती म्हणाली. "तुज्या भिंतीला माजी भिंत हाय. त्याचं बारसं मी जेवलेय." मग पेंढी डोक्यावर घेतली आणि आमच्याच खळ्याकडे चालू लागली.

हे परवाचं. काल दिवसभर देवळात जाऊन बसलो. काही उत्तर मिळालं असं म्हणत नाही, पण बसून बसून शांत वाटायला लागलं तेव्हा मला भीती वाटली. इतकं शांत मला त्या बैठकीतही वाटलं होतं.

मोरूची आज सकाळची शिफ्ट आहे, चारला घरी येतो. १२ तारखेला मी काय सांगणार आहे ते त्याला नोटिशीतून कळायला नको. पत्र इथेच थांबवतो. पावणेचार झालेत, त्याच्या घरी जाऊन यायचं आहे.

दिनानाथ